गाळलेल्या जागा

चार वर्षांच्या नोकरीत मी केलेली सगळ्यात छोटी दुरुस्ती सोळा अक्षरांची होती, टिंब आणि कंस धरून. ती करायला मला मिनिटभर लागलं. रिव्ह्यू करणाऱ्याने थम्ब्स-अप टाकून ती लगेच पास केली आणि त्या दिवशी मी चक्क वेळेत घरी गेले. काही महिन्यांनी त्या सोळा अक्षरांमुळे एक मुलगी परीक्षा केंद्राच्या गेटवर वीस मिनिटं अडकून पडली.

ती मुलगी मला कधी भेटली नाही. तिचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहिणार नाही. हा लेख तिच्या नावातल्या एका रिकाम्या जागेबद्दल आहे. ती जागा मी बुजवली. ती बुजवायचा अधिकार मला होता का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

*

तुम्ही जावास्क्रिप्ट लिहीत नसाल तर लागतं तेवढं आधी सांगते. (कोडसुद्धा देवनागरीतच लिहितेय. जाणकारांनी हसून सोडून द्यावं.)

समजा 'दूध', 'साखर', 'चहापत्ती' असे तीन डबे एका रांगेत ठेवले आहेत. अशा रांगेला ॲरे म्हणतात. ही यादी कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायची तर रांगेची एक सलग ओळ करावी लागते. त्या सलग मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. रांगेची ओळ करायचं काम जॉइन करतं. त्याला फक्त एवढंच सांगायचं, की दोन डब्यांच्या मधे काय ठेवायचं. स्पेस सांगा, रेघ सांगा, 'आणि' सांगा. काहीच सांगितलं नाही तर ते आपल्या मनाने स्वल्पविराम ठेवतं.

आता साखरेचा डबा रिकामा आहे असं धरू.

['दूध', नल, 'चहापत्ती'].जॉइन(',')

उत्तर येतं: 'दूध,,चहापत्ती'. जॉइन थांबत नाही, ओरडत नाही, 'अहो, मधे काहीतरी राहिलंय' असंही म्हणत नाही. रिकाम्या डब्याच्या जागी ते काहीच ठेवत नाही आणि पुढे जातं. नीट पाहिलं तर दोन स्वल्पविराम शेजारी शेजारी दिसतात. तेवढीच खूण.

गंमत म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये 'काही नाही' दोन प्रकारचं असतं. नल म्हणजे इथे काही नाही असं कुणीतरी जाणूनबुजून सांगून ठेवलेलं. अनडिफाइन्ड म्हणजे इथे कुणी काही ठेवलंच नाही. मला हा फरक भाषेतल्या सगळ्यात शहाण्या गोष्टींपैकी एक वाटतो. जॉइन मात्र दोघांनाही एकाच मापाने मोजतं. एकही डबा नसलेली रांग, नल असलेला एकच डबा, अनडिफाइन्ड असलेला एकच डबा आणि रिकामी स्ट्रिंग ठेवलेला एकच डबा, या चारही रांगा जॉइन करा. चौघांचं उत्तर एकच येतं, रिकामी ओळ. त्या ओळीवरून मूळ रांग कुठली होती ते शोधता येत नाही. ओळ तोडून पुन्हा रांग करायला स्प्लिट नावाची सोय आहे, पण रिकामी ओळ स्वल्पविरामावर तोडायला दिली की ते दरवेळी रिकामी स्ट्रिंग ठेवलेला एक डबा परत देतं. बाकी तिघी कायमच्या गेल्या.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत या भाषेचा पहिला साचा उभा केला, ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. १९९७ मध्ये भाषेचं पहिलं प्रमाणित स्वरूप आलं, तेव्हाच जॉइनच्या वर्णनात हा नियम होता: नल किंवा अनडिफाइन्ड दिसलं तर रिकामी स्ट्रिंग धरा. आजही तोच आहे. आता बदलायचा म्हटला तरी त्यावर विसंबलेल्या किती वेबसाइट्स कोसळतील याचा नेम नाही. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा कुणीतरी घेतलेला हा छोटा निर्णय आज माझ्या कोडमध्ये रोज चालतो, आणि तो चालतोय हे मला जाणवतही नाही.

हाच एक मार्ग होता असंही नाही. त्याच जावास्क्रिप्टमध्ये टेम्प्लेट वापरून ओळ बनवली तर रिकाम्या जागी 'नल' हा शब्दच छापला जातो. 'प्रिय नल' अशी सुरुवात असलेले ईमेल तुम्हालाही आले असतील. पायथनमधलं जॉइन तर कामच करायला नकार देतं. रांगेतला अमुक क्रमांकाचा डबा स्ट्रिंग नाही, मी जोडणार नाही, म्हणून एरर टाकून मोकळं होतं. एक बोभाटा करतो, एक अडून बसतो, एक गप्प राहून पुढे जातो. मला नोकरीत शिकवलेला चौथा मार्ग याहून सफाईदार होता.

*

आमच्याकडे एका परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं काम होतं. मुलांनी ऑनलाइन फॉर्म भरायचा, आमच्या सिस्टिमने हॉल तिकिटाची पीडीएफ काढायची. फॉर्ममध्ये नावाचे तीन रकाने होते: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. कोडमध्ये हे तीन डबे रांगेत ठेवून मधे स्पेस देऊन जॉइन केलेले होते. महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही यात वावगं वाटणार नाही. आपलं नाव असंच असतं, असं आपण बालवाडीपासून ऐकत आलोय.

मग तक्रार आली: 'काही हॉल तिकिटांवर नावात जास्तीची मोकळी जागा.' मी तपासलं. मधला रकाना रिकामा असला की पहिल्या डब्यानंतरची स्पेस आणि तिसऱ्या डब्याआधीची स्पेस अशा दोन स्पेस एकत्र येत होत्या. वेबपेजवर हे कधी दिसलं नव्हतं, कारण ब्राउझर लागोपाठच्या स्पेस एकाच स्पेससारख्या दाखवतो. पीडीएफमध्ये मात्र ती फट स्पष्ट दिसायची. नाव, मग ओठांतून एक दात पडल्यासारखी जागा, मग आडनाव.

"अगं, फिल्टर बूलियन टाक ना," लीड म्हणाला.

फिल्टर म्हणजे गाळणी. तिला बूलियन लावलं की ज्या डब्यात 'काहीतरी' आहे तो वर राहतो आणि नल, अनडिफाइन्ड, रिकामी स्ट्रिंग वगैरे सगळं खाली गळून जातं. उरलेले डबे मग जॉइन करायचे. दोनच डबे उरले तर मधे एकच स्पेस. नाव, आडनाव, स्वच्छ. हीच ती सोळा अक्षरं. मी ती टाकली, दोन नावांवर तपासली, तक्रार बंद केली.

परीक्षेच्या दिवशी दुपारी संस्थेतून फोन आला. तिथे हॉल तिकिटांचं काम बघणाऱ्या एक ताई आहेत. आमच्या मीटिंगांमध्ये त्या कधी नसायच्या, त्यामुळे त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मॅडम, नावातली ती मोकळी जागा तुम्ही काढली का?"

"हो ताई. बग होता ना तो."

"तुमच्यासाठी असेल. मला त्या जागेवरून कळायचं कुणाला फोन करायचा ते."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दर परीक्षेआधी ताई छापील तिकिटांचा गठ्ठा चाळायच्या. फट दिसली की बाजूला काढायच्या आणि त्या विद्यार्थ्याला फोन करून विचारायच्या, की तुझ्या आधार कार्डावर नाव कसं आहे? कुणी मधला रकाना भरायला विसरलेलं असायचं. कुणाच्या आधार कार्डावर वडिलांच्या जागी आईचं नाव असायचं, आणि आमच्या फॉर्मात ते लिहायला रकानाच नव्हता. ताई नोंद दुरुस्त करायच्या आणि तिकीट पुन्हा काढायच्या. हे त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. कुणी सांगितलेलंही नव्हतं.

तक्रार त्यांनी केली नव्हती. वरच्या कुणाला तरी ती तिकिटं बरी दिसली नव्हती.

मी फट बुजवली आणि त्या वर्षी गठ्ठ्यातली सगळी तिकिटं सारखीच नीटनेटकी दिसली. ताईंना वाटलं, यंदा मुलांनी फॉर्म नीट भरले. त्या मुलीच्या आधार कार्डावर तिचं नाव, आईचं नाव आणि आडनाव होतं. हॉल तिकिटावर नाव आणि आडनाव. गेटवरच्या माणसाने दोन्ही ताडून पाहिलं आणि तिला बाजूला उभं केलं. हमीपत्र लिहून घेऊन आत सोडेपर्यंत वीस मिनिटं गेली होती. "पेपर दिला तिने," ताई म्हणाल्या, "पण रडत रडत."

*

पुढचे काही दिवस मी स्वतःची वकिली करत होते. कोड चुकला नव्हता. त्याने सांगितलं ते केलं. टेस्ट पास झाल्या होत्या, रिव्ह्यू झाला होता, तक्रारीत जे मागितलं तेच दिलं होतं. फॉर्म मी बनवला नव्हता, आईच्या नावाचा रकाना मी वगळला नव्हता. आणि सगळ्यात भक्कम मुद्दा: ताई त्या फटीवरून काम करतात हे मला माहीत नव्हतं.

या शेवटच्या मुद्द्यावर मी जास्त दिवस उभी राहू शकले नाही. माहीत नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं. समोर एक रिकामी जागा होती. ती का रिकामी आहे हा प्रश्न मला पडायला हवा होता, आणि मला पडलेला प्रश्न एवढाच होता की ती दिसू नये म्हणून काय करू. एखादी गोष्ट माहीत नसणं वेगळं. ती जिथून कळली असती ती जागाच साफ करणं वेगळं. दुसरं करून पहिल्याची सबब सांगता येईल का? मला वाटतं, येत नाही. आणि मी फक्त माझी वाट बंद केली नव्हती, ताईंचीही केली होती.

लीडशी यावर बोलले तेव्हा त्याने वेगळीच बाजू मांडली आणि ती मला सहज झटकता आली नाही. तो म्हणाला, "अगं, पण ती फट चारचौघांत मिरवायची का? वडिलांचं नाव न लावणाऱ्या मुलीच्या तिकिटावर भोक ठेवायचं, म्हणजे सगळ्यांना दिसेल? गाळणं ही सभ्यता आहे."

त्याच्या बोलण्याला आमच्या टीममधल्या एका तमिळ सहकाऱ्याने दुजोरा दिला. त्याचं नाव म्हणजे त्याचं स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांच्या नावाचं एक अक्षर. आडनाव नाहीच. आपल्याकडच्या फॉर्मांवर तो आडनावाच्या रकान्यात कधी टिंब ठेवतो, कधी वडिलांचं नाव लिहितो, कधी स्वतःचंच नाव दुसऱ्यांदा. "माझं काही हरवलेलं नाही," तो म्हणाला, "तुमच्या फॉर्ममध्ये एक रकाना जास्त आहे." त्याच्या नावात फट दाखवणं म्हणजे जे कधी नव्हतंच त्याची उणीव त्याच्या माथी मारणं. त्याच्यासाठी गाळणी बरोबर होती. नावांबद्दल प्रोग्रामर ज्या चुकीच्या समजुती बाळगतात त्यांची एक लांबलचक यादी पॅट्रिक मॅकेन्झी या प्रोग्रामरने २०१० साली लिहिली होती. ती मी कॉलेजात वाचून हसले होते. आता पुन्हा वाचली आणि हसू आलं नाही.

म्हणजे फट ठेवणं नेहमी बरोबर नाही आणि बुजवणंही नाही. मग ठरवायचं कशावरून?

*

मदत आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. माझी एक मैत्रीण संस्कृत घेऊन एमए करते. तिला मी हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमचा नल कशाचा अभाव आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. नल म्हणजे नल.

मग तिने सांगितलं. वैशेषिकांनी जगातल्या साऱ्या गोष्टींची सहा पदार्थांत वाटणी केली होती: द्रव्य, गुण, कर्म वगैरे. पुढे त्यात सातव्याची भर पडली, अभावाची. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त, जो आजही न्यायशास्त्राचं पहिलं पुस्तक म्हणून शिकवतात, अभाव इतर सहांच्या पंगतीला बसलेला आहे. नसणं हीसुद्धा जगातली एक गोष्ट आहे, तिची दखल घ्यावी लागते, असं या लोकांचं म्हणणं. आणि त्यांची एक अट होती. नुसता अभाव असं काही नसतं. अभाव कशाचा तरी असतो. जमिनीवर घडा नाही, तर तो घड्याचा अभाव. ज्याचा अभाव आहे त्याला ते प्रतियोगी म्हणतात. प्रतियोगी सांगितल्याशिवाय अभावाबद्दल बोलताच येत नाही.

शिवाय अभाव एकच नाही. घडा अजून घडवलेला नाही, मातीच आहे, तेव्हाचा तो प्रागभाव. घडला की हा अभाव संपतो. घडा होता आणि फुटला, तेव्हाचा तो प्रध्वंसाभाव. जे तिथे कधीच नव्हतं, नाही आणि असणार नाही, त्याचा अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. चौथ्याचं इथे काम नव्हतं, पण पहिले तीन ऐकताना मला आमचा डेटाबेस दिसत होता. घाईत रकाना भरायचा राहिलेला मुलगा हा प्रागभाव, एक फोन केला की संपणारा. तमिळ सहकाऱ्याचं आडनाव हा अत्यंताभाव, तिथे फोन करणंच चूक. अशा वेगवेगळ्या गोष्टी आम्ही एकाच नलमध्ये कोंबल्या होत्या आणि मग चुकून दिसू नयेत म्हणून गाळूनही टाकल्या होत्या.

आणि ती मुलगी? तिचा रकाना यातल्या कशातच नीट बसत नव्हता. वडिलांचं नाव होतं, तिला ते माहीत असणार. तिने ते लिहिलं नाही. तिची रिकामी जागा म्हणजे नकार होता. नकार ही एक कृती आहे, आणि कृती कुणीतरी केलेली असते. माझ्या गाळणीने ती कृतीच पुसून टाकली. आईचं नाव लागावं ही तिची साधी गोष्ट तिने आम्हाला सांगता येईल त्या एकमेव मार्गाने सांगितली होती, रकाना मोकळा ठेवून.

आता तर राज्य सरकारनेच ठरवलंय की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचं. रांगेत एक डबा वाढला. चांगलंच झालं. पण डबे तीनाचे चार झाले म्हणून रिकाम्या डब्याचा प्रश्न सुटत नाही. आता रिकामा राहू शकेल असा आणखी एक डबा आहे, एवढंच.

*

मी सहावीत असताना माझे बाबा गेले. माझ्या नावाचा मधला डबा मात्र भरलेला आहे. पॅन कार्डावर, पासपोर्टवर, कंपनीच्या आयडीवर, जॉइन त्यांना दरवेळी न चुकता माझ्या आणि आडनावाच्या मधे आणून उभं करतं. जो माणूस नाही त्याचा डबा भरलेला. आणि त्या मुलीचे वडील कदाचित कुठेतरी असतीलही, पण डबा रिकामा. डब्याकडे बघून माणसाबद्दल काही कळत नाही, हे मला इतरांआधी कळायला हवं होतं.

आई बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दिवाळी झाली की तिच्या वर्गातली बरीच मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर निघून जायची, कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे, कुणी कर्नाटकात. मी तिच्याच शाळेत होते, त्यामुळे हजेरी आठवते. आई सगळी नावं घ्यायची. गेलेल्यांचीसुद्धा. नाव घ्यायची, क्षणभर थांबायची, गैरहजेरीची खूण करायची, पुढचं नाव घ्यायची. आम्हाला कंटाळा यायचा. निम्म्या नावांना उत्तर येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

परवा फोनवर तिला माझी गोष्ट सांगितली. कोडबिड बाजूला ठेवून एवढंच, की यादी सुटसुटीत दिसावी म्हणून मी रिकाम्या जागा काढून टाकल्या.

"म्हणजे पटावरून नाव कमी केलंस," आई म्हणाली.

"तसं नाही गं."

"तसंच. आम्हाला पण सांगायचे, कशाला एवढी नावं वाचता, वेळ जातो. पण नाव कमी केलं की पोरगं पाडव्याला परत आल्यावर बसणार कुठं? त्याची जागा राहिली पाहिजे ना."

गैरहजर मांडणं आणि नाव कमी करणं यातला फरक तिला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. पहिल्यात मूल वर्गाचं राहतं, फक्त आज इथे नसतं. दुसऱ्यात वर्ग पूर्ण दिसतो. निरीक्षणाला आलेल्या साहेबाला दुसरं जास्त आवडत असणार.

त्याच रात्री मी आमच्या कोडमध्ये ती सोळा अक्षरं आणखी कुठे कुठे आहेत ते शोधलं. पुष्कळ ठिकाणी होती. त्यातली एक जागा गुणांच्या यादीची. बूलियनच्या गाळणीतून शून्यसुद्धा खाली पडतं. तिला शून्य आणि काहीच नाही यातला फरक कळत नाही. म्हणजे कुणाला बारा, शून्य आणि अठरा गुण असतील तर यादी छापली जाणार 'बारा, अठरा'. ज्या मुलाने पेपर दिला, दोन तास बसला, आणि ज्याला शून्य मिळालं, त्याचं बसणंसुद्धा गाळून जाणार. नशिबाने ते पान अजून कुणी वापरत नव्हतं. मी ते तेव्हाच बदललं.

सगळीकडून मात्र गाळणी काढली नाही. पत्त्यात 'जवळची खूण' हा रकाना मोकळा असेल तर मी आजही तो गाळते आणि मला शांत झोप लागते. तिथे प्रतियोगी आहे एखादं मारुतीचं देऊळ किंवा मेडिकल स्टोअर, आणि ते नसल्याने फार तर कुरियरवाला एक फोन जास्त करेल. गाळण्याआधी मी आता स्वतःला दोन प्रश्न विचारते. इथे काय नाहीये? आणि ते नसल्याचं कुणाला कळायला हवं? दोन्हीची उत्तरं येत नाहीत तोवर हात लावत नाही. याने काम थोडं हळू होतं. लीड कधी कधी डोळे फिरवतो.

*

हॉल तिकिटाचं काय केलं ते सांगायचं राहिलं.

पहिला बदल सोपा होता. तिकिटावर आम्ही नाव जोडणंच बंद केलं. 'ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण नाव' असा एकच रकाना ठेवला. विद्यार्थी लिहील तसं छापायचं. ज्याचं नाव आहे त्यानेच ते जोडून आणलेलं बरं. जुन्या फॉर्ममधला वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचा वेगळा रकाना संस्थेला नोंदीसाठी हवाच होता, तो राहिला. तो मोकळा असणाऱ्यांची यादी आम्ही ताईंना वेगळी काढून दिली. आता गठ्ठा चाळायला नको.

ताई खूश होत्या. पुढच्या परीक्षेआधी मात्र त्यांचा पुन्हा फोन आला. यादीतल्या एका मुलाला त्यांनी विचारलं होतं, बाळा, वडिलांचं नाव राहिलंय का? तो म्हणाला, "राहिलं नाही. तुम्हाला का सांगू?" आणि फोन ठेवला.

"मी चुकीचं विचारलं का, मॅडम?"

मला उत्तर देता आलं नाही. गाळणं हा गुन्हा आणि विचारणं हे पुण्य, अशी सोपी वाटणी मी मनात करून ठेवली होती. विचारण्यालाही किंमत पडते आणि ती विचारणाऱ्याला पडत नाही. त्या मुलाने रकाना मोकळा सोडला तेव्हाच उत्तर दिलं होतं. आम्ही ते उत्तर धरलं नाही म्हणून त्याला ते पुन्हा तोंडाने द्यावं लागलं.

म्हणून दुसरा बदल केला. रकाना मोकळा ठेवला की खाली तीन पर्याय येतात: 'नाही', 'नंतर भरेन', 'सांगायचं नाही'. तिन्ही सारख्याच आकाराचे, सारख्याच रंगाचे, आणि कुठलाही निवडला तरी फॉर्म पुढे जातो. ताईंच्या यादीत फक्त 'नंतर भरेन'वाले येतात. या तिन्हींत सगळी माणसं मावतात असा माझा दावा नाही. मी विचारही केला नसेल असा चौथा कुणीतरी असणारच, आणि तो या तिघांपैकी कशावर तरी नाइलाजाने टिचकी मारून पुढे जाईल. तेव्हाही मला कळणार नाही. पण निदान त्याची जागा मी बुजवलेली नसेल.

ती सोळा अक्षरं मी स्वतः काढली. आमच्याकडे प्रत्येक दुरुस्तीबरोबर ती कशासाठी केली याची एक ओळ लिहावी लागते. पहिल्या वेळी मी लिहिलं होतं, 'नावातली जास्तीची जागा काढली.' या वेळी लिहिलं, 'जागा परत ठेवली.' रिव्ह्यूमध्ये कुणीतरी विचारलं, हे कशासाठी? तेव्हा थोडक्यात लिहून टाकलं. थोडक्यात मावलं नाही, म्हणून हा लेख.